अंबूकाकूंचं बिनविसणाचं पाणी

धामणगाव बढ्याला मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अंबूकाकूंनी मला भाजलं.

त्यात दुष्टावा नव्हता. देशमुखांच्या घरामागची एक खोली मला भाड्याने मिळाली होती आणि आंघोळीचं पाणी त्यांच्या बंबातून मिळेल असं ठरलं होतं. न्हाणीत पितळी घंगाळ काठोकाठ भरलेलं होतं आणि वाफ थेट कौलांना लागत होती. मी विसण शोधू लागलो. कढत पाण्यात घालायला गार पाण्याची एक बादली कोणत्याही न्हाणीत असते. इथे नव्हती. मी हाक मारली, तर दाराआडून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "विसण आमच्या इथी नसते मास्तर. घ्या आंगावर. पह्यला तांब्याच जड जाते."

मी पहिला तांब्या घेतला. त्यानंतर आठवतं ते एवढंच, की मी पंचा गुंडाळून अंगणाच्या मधोमध उभा होतो आणि देशमुखांचे दोन गडी अदबीने दुसरीकडे पाहत होते. त्या दिवशी शाळेतल्या पोरांनी मला 'लाल मास्तर' असं नाव ठेवलं. माझी बदली होईपर्यंत ते टिकलं.

अंबूकाकू म्हणजे देशमुखांच्या स्वयंपाकीणबाई. वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे, बांधा ठेंगणा, केशवपन केलेल्या डोक्यावरून विधवेचं आलवण, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत कायमचे तांबूस. गावचे उपाध्याय वामनभटजी हे त्यांचे धाकटे भाऊ. लग्नानंतर दोनच वर्षांत काकू विधवा होऊन माहेरी परतल्या, देशमुखांच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि तिथेच राज्य करू लागल्या. गावात ब्राह्मणांची घरं थोडी. मुंज असो, श्राद्ध असो, डोहाळजेवण असो, चुलीपुढे अंबूकाकूच. त्यांच्या हातचं जेवला नाही असा ब्राह्मण मोताळ्यापर्यंत सापडला नसता.

पाण्याची परीक्षा त्या कोपराने करीत. कोपर आपोआप मागे आलं तर पाणी आंघोळीचं. बुडवून ठेवता आलं तर ते भांडी विसळायचं. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "हे काय पाणी हाये? हे तं निवलेलं हाये." उन्हाळ्यात आमच्याकडे पत्र्यावर पापड भाजून निघावा असं ऊन पडतं. अशा दुपारीसुद्धा त्या आलेल्या माणसाला हात धुवायला ऊन पाणी देत आणि तो पाहुणा आभार मानायच्या अवस्थेत आहे की नाही याकडे लक्ष देत नसत.

आबासाहेब देशमुखांचे जावई पहिल्या दिवाळीला अमरावतीहून आले, तेव्हा त्यांना कुणीतरी आधीच सावध केलं होतं. त्यांनी न्हाणीत जाताना धोतराच्या घोळात गार पाण्याचा तांब्या लपवून नेला. काकूंनी तो वाटेतच काढून घेतला.  तांब्या आडवा करून तुळशीला पाणी घातलं आणि जावयांना पुढे व्हायची खूण केली. जावई पुढची तीन वर्षं दिवाळीला आले नाहीत. आबासाहेबांना त्याचं कारण ठाऊक होतं, पण ते काकूंना कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मला त्याचं नवल वाटे. आबासाहेब म्हणजे आडदांड देहाचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्यापुढे पटवारी चपला हातात घेऊन उभा राहायचा. काकूंपुढे मात्र ते वर छताच्या तुळईकडे बघत बसत.

काकूंच्या या कढत धर्मामागे एक गोष्ट होती आणि ती गावात सगळ्यांना पाठ होती.

काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, पहिल्या मोठ्या लढाईच्या आधी आबासाहेबांचे गुडघे इतके धरले, की दोन माणसं त्यांना खुर्चीत घालून शेतावर न्यायची. एका गोऱ्या डॉक्टराने सांगितलं, इटलीच्या मुलखात समुद्रात एक ज्वालामुखीचं बेट आहे. त्याच्या पार टोकाला, जिथे गाडीवाटसुद्धा जात नाही, तिथे किनाऱ्यावरच्या खडकातून उकळतं पाणी येतं. त्यात दोन महिने पाय सोडून बसा. मग आबासाहेब, त्यांच्या पत्नी आणि परमुलखात अन्नाचा विटाळ नको म्हणून अंबूकाकू, अशी तिघं आगबोटीने तिकडे गेली. राहायला कोळ्याचं घर. रोज सकाळी होडीत बसून त्या किनाऱ्यावर जायचं आणि दुपार कलल्यावर परत यायचं.

कोळ्याच्या चुलीवर मासळी शिजलेली, म्हणून काकूंनी तिला हात लावला नाही. तीन दिवस तिघांनी घरून आणलेल्या लाडवांवर काढले. चौथ्या दिवशी काकूंनी खडकाच्या कपारीत बुडबुडणारं पाणी पाहिलं. झाकणाच्या डब्यात तांदूळ आणि गोडं पाणी घातलं, झाकण दोरीने आवळलं आणि डबा कपारीत सोडला. मनात रामरक्षा सुरू केली. दोन रामरक्षांत भात मऊ झाला. इथे चुलीवर त्याला साडेतीन लागत.

"त्या आगीले कोनाचाच हात लागेल नव्हता," काकू सांगत. "ना लाकूड, ना फुंकणी. आपल्या चुलीपेक्षा सोवळी." मग थांबून म्हणत, "फकस्त लाट आली की पाणी निवे. लाट गेली की पुन्हा आधण. समुद्र खवळला त्या दिवशी जेवाले तिसरा पहर व्हायचा."

पाण्यात बोट घातलं तर कातडं सुटेल, पण दहा पावलं पुढे, समुद्राचं पाणी मिसळतं तिथे, माणूस सुखाने बसू शकतो. दगड मात्र आपलाच, मोताळ्याच्या नदीत आहे तसाच काळा कुळकुळीत. आणि वास जरा उग्र. एवढ्या तपशिलाने त्या सांगत. ऐकणाऱ्या बायका तांदूळ निवडता निवडता माना डोलावत आणि एकीचाही त्यावर विश्वास नसे. अंबूकाकूंच्या बाता म्हणून ती गोष्ट गावाला प्रिय होती. कारण आबासाहेबांनी परत आल्यावर काशी-रामेश्वर केल्याचं सांगून थाटात मावंदं, म्हणजे यात्रेचं गावजेवण, घातलं होतं. गंगेचे सीलबंद लोटे घरोघर वाटले होते. ते स्वतःच्या पायांनी चालत आले हे खरं, पण ते काशीविश्वेश्वराच्या कृपेने, असं सर्वांनी धरलं. गावातले आणखी दोन गुडघेदुखीवाले त्यानंतर काशीला जाऊन आले आणि आले ते जास्तच लंगडत आले.

असं अकरा वर्षं चाललं. मग काकूंच्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा पहिला माणूस गावात आला आणि सगळा घोळ झाला.

वामनभटजींची मुलगी मथुरा लग्नाची होती. चिखलीचं एक चांगलं स्थळ जवळजवळ पक्कं झालं होतं. बोलणी पुरी करायला मुलाचे काका आले. ते वकील होते. पाहुण्यांची व्यवस्था देशमुखांकडे, म्हणजे आंघोळ काकूंकडे. वकीलसाहेब न्हाणीतून बाहेर आले ते लालबुंद होऊन. पाठीला खोबरेल लावून घेत त्यांनी विचारलं, की बाई, एवढं कढत पाणी कोणत्या शास्त्रात सांगितलं आहे. काकूंनी त्यांना समोर बसवून अथपासून इतिपर्यंत गोष्ट सांगितली.

वकील ऐकत गेले आणि सवयीप्रमाणे प्रश्न विचारत गेले. बोटीत पिण्याचं पाणी कुठून घेतलं? अमुक बंदरात काय दिसलं? कोळीण कानात काय घालायची? काकूंनी न अडखळता उत्तरं दिली. तासाभराने वकिलांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि वामनभटजींना बाजूला घेऊन म्हणाले, की मी पंचवीस वर्षं साक्षीदार तपासतो आहे; ही बाई खोटं बोलत नाही. ही समुद्र ओलांडून गेलेली आहे, प्रायश्चित्त घेतलेलं नाही, आणि सोवळ्यात स्वयंपाक करते आहे. आमच्या घरी हे चालायचं नाही.

 वामनभटजींच्या ध्यानात आलं, की हे एकट्या मथुरेच्या लग्नावर थांबत नाही. काकू बाटलेल्या असतील, तर अकरा वर्षं त्यांच्या हातचं जेवलेला जो तो बाटलेला होता. भटजींनी मुंजी लावलेली पोरं, श्राद्धाला बसलेले ब्राह्मण, स्वतः ते. आणि दरवर्षी आबासाहेबांकडे वार्षिक दक्षिणेला येऊन पुरणपोळी नावाजणारे जळगाव जामोदचे शास्त्रीबुवासुद्धा. अख्ख्या पंचक्रोशीला पंचगव्य पाजायची वेळ आली असती.

शास्त्रीबुवांना निरोप गेला. ते दुसऱ्या दिवशीच दमणीतून आले. इतक्या लगबगीने ते कुणाच्या मौतीलाही आले नव्हते, असं लोक म्हणाले. रामाच्या देवळात दुपारी सभा बसवायचं ठरलं. मार्ग सोपा होता: काकूंनी चार लोकांत सांगायचं, की ती गोष्ट मी रचली. बाकी कुणालाच काही सिद्ध करायचं नव्हतं आणि आबासाहेबांना विचारायची तर कुणाची छाती नव्हती. आणि लागलाच तर पुरावा म्हणून, असा झरा जगात कुठे नाही, हे सांगायला भूगोलाच्या मास्तरांना बोलवायचं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मी काकूंना हे सांगायला गेलो. भाऊ येऊन, रडून, नुकताच गेला होता. काकू चुलीपुढे बसल्या होत्या, पण काही शिजत नव्हतं. मी म्हटलं, काकू, एक शब्द बोलून टाका, मुलीचं भलं होईल.

"बोलून टाकीन, मास्तर. खोटं बोलाले का लागते," त्या म्हणाल्या. "पन ते पाणी तिथी उकळून राह्यलं असन नं आताही. त्यानं काय केलं बिचाऱ्यानं? इकडे चार लोक बसून त्याले म्हनतीन, तू नाहीच म्हनून."

 मग त्या आपणहून म्हणाल्या, की आबासाहेब अन् बाईसाहेब त्या पाण्यात बसले की मी एका अंगाला वर दगडावर बसायची. एक दिवस त्या घरची कोळीण आली, तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं, हात धरला अन् आपल्या बाजूला पाण्यात बसवलं. मी पाय सोडून दुपारपर्यंत बसली. तिची भाषा मले नाही, माझी तिले नाही. "तिथी कोनाले माहीतच नव्हतं, की मी विधवा म्हंजे काय हावो. तेवढ्या दिवसांत मले कोनी अपशकून म्हटलं नाही. आता ते रामेश्वर होतं म्हनू?"

 मी घरी येऊन भूगोलाचं पुस्तक उघडलं. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या शाळांसाठी केलेलं ते पुस्तक. त्यात पूर्णा नदीला तीन पानं होती आणि सगळ्या युरोपखंडाला चार. इटलीबद्दल लिहिलं होतं, की देश बुटासारखा आहे, द्राक्षं होतात आणि ज्वालामुखी पर्वत आहेत. झऱ्याचं नाव नव्हतं.

सभेला झाडून सगळे आले. शास्त्रीबुवा मधे, एका अंगाला चिखलीचे वकील, खांबाला टेकून आबासाहेब. बायका गाभाऱ्याच्या बाजूला. काकू अंगावर पदर घट्ट घेऊन उभ्या.

पहिल्यांदा मला पुढे केलं. शास्त्रीबुवांनी विचारलं, मास्तर, समुद्र थंड की गरम? मी म्हटलं, थंड. थंड समुद्राच्या काठी उकळतं पाणी असल्याचं तुमच्या पुस्तकात आहे काय? मी म्हटलं, उल्लेख नाही. हे बोलणं खरंच होतं. पण ज्वालामुखीशेजारी तसं पाणी असू शकतं, हे मला माहीत होतं आणि ते मी बोललो नाही. मी खाली बसलो तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या चांगल्या मुलाकडे आपण पाहतो, तसं.

मग शास्त्रीबुवा काकूंकडे वळले. आवाजात इतकं लोणी होतं की विचारू नका. स्वप्न पडलं असेल का? काकू म्हणाल्या, एवढं लांब सपन पडत नाही. पुराणात ऐकलेलं मनात बसलं असेल का? पुराणात कोळणीच्या कानातल्याचं वर्णन असते काय, हे तुम्हीच सांगा. मग रामेश्वरचाच समुद्र असेल. मी रामेश्वर पाह्यलं नाही, त्याची साक्ष कशी देऊ? काकूंनी पायाचा घोटा पुढे करून पिवळट डाग दाखवला, पहिल्या दिवशी कपारीत पाय गेला तेव्हाचा. वामनभटजी आशेने उठले आणि म्हणाले, हा चुलीचा डाग आहे. काकू म्हणाल्या, "वामन, चूल मले भाजत नाही. तुले माहीत हाये."

हे सगळ्यांनाच माहीत होतं.  वकिलांनी चष्मा पुसला.

शास्त्रीबुवा मोठे विद्वान होते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले आणि मग अगदी निराळ्या आवाजात विचारलं, ते पाणी भूमीतून आपोआप येत होतं? काकू म्हणाल्या, आपोआप. अखंड? अखंड. मनुष्याने खोदलेलं नव्हे? नव्हे. तुम्ही त्यात स्नान केलंत? केलं, लुगड्यासकट. आणि ते करताना मुखी काय होतं? काकू म्हणाल्या, रामरक्षा, भातासाठी.

शास्त्रीबुवांनी डोळे उघडले. स्वयंभू उष्णोदक हे तीर्थ होय, मग ते कुठल्याही देशात असो, असं त्यांनी सांगितलं. समुद्र ओलांडल्याचा दोष बाईंना लागला, हे कबूल. परंतु तो ज्या ठिकाणी पुरा झाला, त्याच ठिकाणी बाईंनी मंत्रपूर्वक तीर्थस्नान केलं, तेही दोन महिने. दोष तिथेच धुतला गेला. सभामंडपात सुटकेचा एक मोठा निःश्वास गेला. मागे बसलेल्या एकाने तर हरहर महादेव म्हणून घेतलं.

चिखलीचे वकील उठले. ते नम्रपणे म्हणाले, "जातानाचा दोष गेला, मान्य. पण बाई परतही समुद्रावरूनच आल्या ना? त्या दोषाचं काय?"

शास्त्रीबुवांचा चेहरा पडला.  परत यायला दुसरी वाट नव्हती आणि वाटेत कुठे झरा नव्हता. वामनभटजी आळीपाळीने दोघांकडे पाहू लागले. बायकांत मथुरा बसली होती. तिने डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात काकूंनी, कुणी विचारलं नसताना, सांगितलं की मी येताना त्या पाण्याचा तांब्या भरून आणला होता. तोंडाला मेण लावून. बोटीत रोज अंगावर चार थेंब घेत होते.

"कुठे आहे तो तांब्या?" शास्त्रीबुवांनी घाईने विचारलं.

"आता कुठं हाये. वतून देल्ला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. अकरा वर्षांचं दुखणं होतं ते. "इतकं चांगलं पाणी. काही कारन नसताना वतून देल्लं."

"कारण नसताना?" खांबापाशी आवाज झाला. आबासाहेब उभे राहिले होते. "साऱ्या बोटीत सडक्या अंड्याचा वास मारत होता. कप्तान दोनदा येऊन गेला माझ्याकडे. म्हणे कारण नसताना."

एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो हे त्यांना सर्वांच्या शेवटी कळलं. बाहेर बैल रवंथ करत होते ते आत ऐकू आलं. गावाच्या काशीयात्रेला, मावंद्याला, घरोघरी देव्हाऱ्यात ठेवलेल्या गंगेच्या लोट्यांना एका क्षणात काय झालं, ते प्रत्येक जण आपापल्या मनात पाहत होता. शास्त्रीबुवांच्या देवघरातही एक लोटा होता. आबासाहेब तुळई शोधू लागले, पण देवळाला तुळई नव्हती, घुमट होता.

"सडक्या अंड्याचा वास," शास्त्रीबुवा हळूच म्हणाले, "आपल्याला कसा माहीत?"

आबासाहेब घुमटाकडेच पाहत राहिले. शास्त्रीबुवांनीही ते लावून धरलं नाही. एका दिवसात सोसेल एवढंच सोसायचं, हे त्यांनी ठरवलं असावं. त्यांनी फक्त एकच प्रश्न पुढे केला. तांब्या ओतला, तो भर समुद्रात की बोट मुंबईला लागल्यावर?

आबासाहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी आबासाहेबांकडे. मग दोघंही एकदम म्हणाली, "लागल्यावर."

संपलं. तीर्थ मुंबईपर्यंत सोबत होतं, म्हणजे दोष मुंबईपर्यंत लागलाच नाही. शास्त्रीबुवांनी निर्णय सांगितला आणि त्यात आबासाहेबांचं नावही इतक्या सहज गुंफलं, की ते पहिल्यापासूनच त्यात होते असं वाटावं. लोट्यांचा विषय कुणी काढला नाही. वकिलांनी विचार करून मान डोलावली. युक्तिवाद त्यांना पटला की त्यातली कारागिरी आवडली, सांगता येत नाही. त्यांनी लग्नाला होकार दिला, अट एकच घातली: वऱ्हाड उतरेल त्या घरी विसणाचे हंडे भरलेले असावेत आणि त्यावर चिखलीकडचा माणूस बसेल. ती अट काकूंना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "निवलेलीच मानसं. चालाचंच." लग्न झालं. मथुरा सुखात नांदली.

त्या सभेने सगळ्यांत मोठा फरक झाला तो आबासाहेबांत. अकरा वर्षं तोंडाला कुलूप लावलेला माणूस मोकळा झाला आणि बोलायचा थांबेना. रोज दुपारी ते ओसरीवर बसत, काकू आतल्या उंबऱ्यावर बसत, आणि त्या किनाऱ्यावरून दोघांची भांडणं होत. कोळ्याच्या घरामागे लिंबाची झाडं होती, असं आबासाहेब म्हणत. काकू म्हणत, लिंबं नव्हतीच, ती जांभळी फुलांची वेल होती. होडीवाल्याला मिशा होत्या की नव्हत्या, यावर दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलली नाहीत. मी शाळेतून येता-जाता हे ऐकत असे. एकदा आबासाहेबांनी मला पंच म्हणून थांबवलं, तेव्हा काकू आतून म्हणाल्या, त्यांना विचारू नका, त्यांच्या पुस्तकात उल्लेख नाही. एवढंच. त्या साक्षीबद्दल त्या मला याहून अधिक कधी बोलल्या नाहीत आणि माझं आंघोळीचं पाणीही त्यांनी निववलं नाही.

पुढे माझी जळगाव जामोदला बदली झाली. आबासाहेब गेल्याचं तिकडेच कळलं. काकूंना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. मोताळ्याच्या बाजाराचा दिवस होता. सत्तरीपुढच्या काकू एका दमणीत पुढे, गाडीवानाच्या बाजूला बसल्या होत्या. मागे मिरच्यांची पोती. मला त्यांनी आधी ओळखलं. मुलंबाळं, प्रकृती, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमी समुद्र पाह्यला काय?"

मी म्हटलं, नाही काकू, जमलं नाही. खामगाव, अकोला, बुलढाणा. एकदा ट्रेनिंगसाठी नागपूर.

त्यांनी माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं की मला लाज वाटली. "काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "अजून वय हाये तुमचं." मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो.

गाडी धामणगावच्या वाटेला लागली. मी उभा राहून पाहत होतो. शंभर-दीडशे पावलांवर काकूंनी गाडीवानाला काहीतरी सांगायला सुरुवात केली असावी. त्यांचा एक हात आडवा, जमिनीसारखा. दुसरा त्याच्याखालून हळूहळू वर येत होता. गाडीवानाची मान त्यांच्याकडे वळली, कासरा सैल पडला आणि बैल भर रस्त्यात उभे राहिले. मागून बाजारच्या गाड्या येत होत्या, त्याही एकामागून एक थांबल्या. कुणी ओरडलं नाही. मागच्या गाडीतला एक माणूस खाली उतरून, नीट ऐकू यावं म्हणून, पुढे चालत गेला.